ख्वारझमचा पाडाव लिहिताना या चुका टाळा

मध्य आशिया आणि इराणवर पसरलेले ख्वारझमचे राज्य आणि हुलागू तुमच्या एकाच परिच्छेदात आले असतील, तर आधी सनावळ्या तपासा. ख्वारझमशाही बुडवली चंगीझखानाने, १२१९ ते १२२१ या काळात. बगदाद घेतले त्याच्या नातवाने, म्हणजे हुलागूने, १२५८ मध्ये. 'सारे इस्लामी जग मोंगलांविरुद्ध एकवटले' असे वाक्य असेल तर तेही खोडा. बगदादचा खलिफा आणि ख्वारझमचा सुलतान अलाउद्दीन मुहम्मद यांचे हाडवैर होते. १२१७ मध्ये सुलतान बगदादवर चालून निघाला होता, तो पहाडी बर्फात अडकून परत फिरला. शिवाय चंगीझखानाच्या फौजेत कार्लुक या तुर्क टोळीतल्या मुसलमानांची पथकेही होती.

सर्वांत चिवट चूक ख्वारझमच्या सरहद्दीवरच्या ओत्रार शहराची. १२१८ मध्ये तिथला सुभेदार इनालचूक याने मोंगलांकडून आलेला सुमारे ४५० व्यापाऱ्यांचा तांडा हेर ठरवून कापून काढला. त्यातले बहुतेक व्यापारी मुसलमानच होते. जाब विचारायला आलेल्या वकिलांपैकी एकाला सुलतानाने ठार केले. इथवर सगळे बरोबर लिहितात आणि पुढे 'सुभेदार हावरट, सुलतान गर्विष्ठ' म्हणून मोकळे होतात.

पण सुलतानाने इनालचूकला हवाली का केले नाही? कारण तो राजमाता तेर्केन खातून हिचा नातलग होता आणि फौजेचा कणा असलेले किपचाक तुर्क सरदार तिचे ऐकत. सुभेदाराला दिले असते तर घरातच बंड झाले असते. या सरदारांवर अविश्वास असल्यानेच सारी फौज एका जागी उभी करायची सुलतानाची छाती झाली नाही. ती समरकंद, बुखारा, ओत्रार अशी शहरोशहरी विखुरली. राज्यही तसे कोवळेच होते. समरकंद हाती येऊन जेमतेम सात-आठ वर्षे झालेली, तीही तिथल्या बंडाची कत्तल करून. अशी प्रजा कोणासाठी जीव देणार?

'भटक्या घोडेस्वारांना तटबंदी काय कळणार' हे सुलतानाचे गणित आजही काही लेखांत जसेच्या तसे दिसते. मोंगलांनी १२१५ मध्येच चीनमधले झोंगदू (आजचे बीजिंग) जिंकले होते. वेढ्याची यंत्रे चालवणारे चिनी कारागीर त्यांच्यासोबत होते. ओत्रारला वेढा पडलेला असताना चंगीझखान किझिलकुमचे वाळवंट ओलांडून थेट बुखाऱ्यासमोर उतरला, फेब्रुवारी १२२० मध्ये. मार्चमध्ये समरकंद गेले. पळता पळता सुलतान कॅस्पियन समुद्रातल्या एका बेटावर आजारी पडून मेला.

मृतांचे आकडे जपून वापरा. मर्वमध्ये तेरा लाखांहून जास्त मेले, असे इराणी इतिहासकार जुवैनी लिहितो. तो मोंगलांच्याच चाकरीत होता, पण हा आकडा त्या काळच्या कोणत्याही शहराच्या लोकसंख्येत बसत नाही. कत्तल भयानक होती, तेवढे पुरे.

राहिला सुलतानाचा मुलगा जलालुद्दीन. आजच्या अफगाणिस्तानातल्या परवानला त्याने मोंगलांना हरवले, मग लुटीच्या वाटणीवरून सरदार भांडले आणि अर्धी फौज निघून गेली. नोव्हेंबर १२२१ मध्ये त्याने सिंधूत घोडा घातला, की लेखक मंडळी पडदा पाडतात. तो घाईने पडतो. दिल्लीच्या इल्तुतमिशने आसरा नाकारल्यावर जलालुद्दीन इराणकडे वळला, तिथे पुन्हा राज्य उभे करून मुसलमान शेजाऱ्यांशीच लढत राहिला आणि १२३१ मध्ये मोंगलांपासून पळताना एका कुर्दाच्या हातून मारला गेला.