माउंट लोगनचं हवामान अभ्यासायला घेताय? आधी लॅप्स रेटचं बघा

लोगनवर, म्हणजे कॅनडाच्या युकॉनमधल्या त्या देशातल्या सर्वांत उंच डोंगरावर, प्रोजेक्ट मिळाला की पहिल्याच आठवड्यात बहुतेक जण एक गणित मांडतात. दरीतल्या स्टेशनचं तापमान घ्यायचं, किलोमीटरमागे साडेसहा अंश (उंचीबरोबर तापमान उतरण्याचा हा दर म्हणजे लॅप्स रेट) वजा करायचे आणि शिखराचं तापमान मिळालं म्हणायचं. हिवाळ्यासाठी हे अजिबात करू नका. माझे सुरुवातीचे कित्येक महिने या एका आकड्याशी झगडण्यात गेले, म्हणून जरा विस्ताराने लिहितेय.

बर्वॉश लँडिंग हे दरीतलं गाव साधारण ८०० मीटरवर आहे. समजा, जानेवारीत तिथे उणे ४५ आहे. लोगनच्या पठारावरच्या ५,३०० मीटर उंचीच्या खिंडीसाठी हिशोब केला की उत्तर येतं उणे ७४. कागदावर चोख, पण त्यावर विसंबता येत नाही. त्या दिवसांत सूर्य क्षितिजावर जेमतेम चढतो. बर्फाने झाकलेली जमीन लांबलचक रात्रभर उष्णता सोडत राहते आणि जड झालेली थंड हवा उतारांवरून घरंगळत दरीच्या तळाशी साचते. म्हणजे वर जावं तसं तापमान आधी वाढतं, कधी काहीशे मीटर, कधी त्याहून जास्त. हे इन्व्हर्जन ओलांडलं की मगच ते उतरायला लागतं. तुम्ही मात्र वजाबाकी सुरू केलीत ती साचलेल्या थंडीच्या तळापासून! उत्तर अमेरिकेचा मान्य नीचांक, उणे ६३ अंश, फेब्रुवारी १९४७ मध्ये नोंदला गेला तो कुठल्या शिखरावर नाही. तो स्नॅगचा आहे, लोगनच्या उत्तरेला सुमारे २०० किलोमीटरवरच्या, साधारण सहाशे मीटर उंचीच्या खोलगट जागेचा.

तासातासाच्या नोंदींचा आलेख काढा. रात्रभर उणे चाळिसाला चिकटलेली रेघ वारा सुटला की बघता बघता दहा-पंधरा अंश वर चढते. शिखरावर तेव्हा काही बदललेलं असेलच असं नाही. खालची साचलेली हवा ढवळली गेलेली असते.

इंटरनेटवर लोगनचा उणे ७७.५ हा आकडाही भेटेल, २६ मे १९९१ चा. पण मे अखेरीस तिथे दिवस अठरा तासांचा असतो, मग इतकी थंडी कशी? असा आकडा तपासल्याशिवाय सेमिनारमध्ये वापरू नये, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं, ५,९५९ मीटरचा लोगन म्हणजे सुळका नव्हे. पाच हजार मीटरच्या वर कित्येक किलोमीटर पसरलेलं पठार आहे, आणि तिथला बर्फ जवळपास वितळतच नाही. म्हणून तर २०२२ मध्ये तिथून ३२७ मीटर लांबीचा बर्फाचा गाभा (ड्रिल करून काढलेला उभा दंडगोल) काढता आला. रीअ‍ॅनालिसिसच्या, म्हणजे नोंदी आणि मॉडेल जुळवून बनवलेल्या हवामान-माहितीच्या, तीस किलोमीटरच्या चौकटीत मात्र हा डोंगर बराच बुटका होतो. त्यामुळे जमिनीलगतचं तापमान न घेता ५०० हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं एकक) पातळीचं घ्या. ती पातळी साधारण त्या खिंडीच्याच उंचीवर येते.

बर्फ कधी पाहिला नाही म्हणून घाबरू नका. महाबळेश्वर आणि फलटणच्या पावसातला फरक ज्याला कळतो, त्याला लोगनची सेंट इलायस रांगही कळते. समुद्राकडच्या याकुटाटला वर्षाला साडेतीन हजार मिलीमीटरहून जास्त, तर मागच्या बाजूला बर्वॉशला तीनशेच्या आत. पर्जन्यछाया तीच, फक्त पडतो तो बराचसा बर्फ.

गाभ्यातल्या ऑक्सिजन समस्थानिकांना (ऑक्सिजनच्या हलक्या-जड प्रकारांना) थेट थर्मामीटर समजणं हाही तसाच शॉर्टकट आहे. लोगनवर ते बाष्प कुठून आणि कुठल्या वाटेने आलं, हेसुद्धा सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरची त्यातली उडी तापमानाच्या खात्यावर टाकण्याआधी दहादा विचार करा.

मार्गदर्शक निवडताना नाव बघू नका. तुमचा आलेख बघून 'कच्च्या नोंदी दाखव' म्हणणारा माणूस शोधा. 'रेडीमेड नकाशा वापर, पेपर उरकून टाक' म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा. क्लुएन सरोवराकाठच्या रिसर्च स्टेशनवर पहिल्याच वर्षी जायला मिळालं नाही तर खचू नका, बहुतेकांना मिळत नाही. तोवर खोलीत बसूनही पुष्कळ करता येतं.

व्हाइटहॉर्सहून रोज दोनदा हवामानाचा फुगा सुटतो, याकुटाटहूनही. दोन्हीकडची माहिती फुकट उतरवता येते. एका जानेवारीचे सगळे उभे आलेख शेजारी शेजारी लावा, इन्व्हर्जनचा माथा रोज किती मीटरवर आहे ते हाताने खूण करून लिहा, आणि मगच लॅप्स रेट काढायला बसा.