टर्बोच्या कम्प्रेसरचा आवाज मोजताना या चुका टाळा

टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र. ते तपासायच्या आमच्या रबाळे एमआयडीसीतल्या खोलीत, म्हणजे टेस्ट सेलमध्ये, तीन दिवस एका शिट्टीच्या मागे गेले. आलेखात 8.6 किलोहर्ट्झच्या आसपास टोकदार शिखर, आणि सिम्युलेशनमध्ये त्याचा मागमूस नाही. सगळ्यांनी सिम्युलेशनवाल्यालाच धारेवर धरलं. शेवटी ऑपरेटरने आरपीएम दहा हजारांनी उतरवले, तर शिखर जागचं हलेना! सेन्सर पाइपच्या आतल्या भिंतीशी सपाट बसवायचा, तो 10 मिलिमीटर खोल भोकात बसला होता. पेनाच्या टोपणात फुंकर मारली की वाजते तीच ही शिट्टी. ध्वनीचा वेग सेकंदाला 346 मीटर, त्याला भोकाच्या खोलीच्या चौपटीने भागा, आकडा समोर येतो.

म्हणून शिखर दिसलं की आधी आरपीएम बदलून बघा. पात्यांचा आवाज वेगाबरोबर सरकतोच. 1,20,000 आरपीएम म्हणजे सेकंदाला 2000 फेऱ्या. 6 मोठी आणि 6 छोटी पाती असतील तर 12 आणि 24 किलोहर्ट्झला शोधा. खुद्द 2 किलोहर्ट्झला सूर असेल तर बहुतेक वेळा रोटरचं (फिरणाऱ्या भागाचं) बॅलन्सिंग बिघडलेलं असतं, हवेला दोष देऊ नका. व्हॉल्व्ह आवळत सर्जकडे (हवा कमी पडून प्रवाह उलटा फिरतो त्या अवस्थेकडे) जाताना जो पसरट 'हुश्श' आवाज वाढतो, त्याला मात्र एक ठरलेला सूर नसतो.

पाइपमध्ये दोन मायक्रोफोन लावून ध्वनिशक्ती काढणारे आणखी एका ठिकाणी फसतात. ते गणित लाट सपाट पुढे जाते असं धरून चालतं. 50 मिलिमीटरच्या पाइपमध्ये हे साधारण 4 किलोहर्ट्झपर्यंतच खरं. वरच्या फ्रिक्वेन्सीला परिघावर जास्त सेन्सर हवेत, नाहीतर निकाल सुबक पण चुकीचा.

सिम्युलेशनवाले तरी कुठे धुतल्या तांदळाचे? रोटर गोठवून केलेल्या स्थिर गणनेतून पात्यांचा सूर मागणं म्हणजे फोटोतून गाणं ऐकणं. रोटरभोवतीची गणनेची जाळी खरोखर फिरवावी लागते. पसरट आवाज हवा असेल तर हवेच्या खळबळीची नुसती सरासरी काढणारं टर्ब्युलन्स मॉडेल पुरत नाही, मोठे भोवरे तरी थेट सोडवावे लागतात. 1,20,000 आरपीएमला रोटर दर अंश फिरला की गणनेची एक पायरी घेतली तर पायरी सुमारे 1.4 मायक्रोसेकंदांची होते. 100 हर्ट्झचा तपशील हवा असेल तर स्थिरावल्यानंतरच्या किमान 20 फेऱ्या लागतात, म्हणजे 7200 पायऱ्या. चार फेऱ्यांवर आलेख काढून पाठवणारे मी पाहिलेत (एकदा मीही त्यात होतो). गणनेत पाइप जिथे संपवलाय ती बाउंड्री (सीमा) लाट परत फेकत नाही ना, हेही तपासा. नाहीतर त्या पाइपचीच शिट्टी ऐकत बसाल.

तापमानाकडे आमच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. मे महिन्यात शेडमध्ये 35 अंश असताना, 25 अंशांच्या संदर्भाने बघितलं तर त्याच आरपीएमचा करेक्टेड वेग (तापमानाचा हिशेब धरून काढलेला) दीड टक्क्याहून जास्त खाली येतो. सर्जच्या काठावर एवढा फरक दोन आलेखांची तुलना बिघडवायला पुरेसा आहे.

टर्बो बंद ठेवून आधी नुसत्या खोलीचा आवाज घ्या. ठाणे-बेलापूर रोडवरचे ट्रेलर खालच्या फ्रिक्वेन्सीत घुसतात, शेजारच्या गाळ्यातला स्क्रू कम्प्रेसर त्याहून वर. त्याचं आम्ही जमवून घेतलंय: त्यांची जेवणाची सुट्टी झाली की आमची मोजणी सुरू.