सेन्सर घेण्याआधी मेन स्विच पाडा

"घर स्मार्ट करायचंय, कुठले सेन्सर घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी त्यांना घरचा मेन स्विच खाली करायला लावतो. मी सांगलीत वायरिंगची कामं करतो. वळवाचा वारा सुटला की इथं लाईट जाणारच, हे धरूनच घर लावायचं. मेन पाडल्यावर बघा: राउटर चालू राहिला का? इन्व्हर्टरवर कुठकुठले पॉइंट आहेत? बऱ्याच घरांत टीव्ही इन्व्हर्टरवर असतो आणि राउटर नसतो. आधी ते बदलून घ्या, खरेदी नंतर.

वायफायचा सेन्सर हबशिवाय, म्हणजे सगळे सेन्सर जोडणाऱ्या मधल्या डबीशिवाय जोडता येतो, पण सेल लवकर खातो. म्हणून दारं-खिडक्यांना आणि हालचालीला मी झिगबीचे लावतो; झिगबी ही कमी सेल खाणारी वायफायसारखीच बिनतारी पद्धत. नाण्याच्या आकाराच्या सेलवर ते साधारण वर्ष-दोन वर्षं काढतात. त्याला हब लागतो. हब आणला की दार उघडल्यावर दिवा लागेल अशी जोडणी करा, मग राउटरची इंटरनेटची वायर काढा आणि दार उघडा. दिवा लागला तर हब सगळं घरातल्या घरात ठरवतोय. नाही लागला तर तो दर वेळी कंपनीच्या सर्व्हरला विचारतोय. असा हब मी परत करायला सांगतो.

आणखी एक खोच. सेलवरचे सेन्सर एकमेकांचा निरोप पुढे नेत नाहीत. ते काम लाईटवर चालणारे झिगबी प्लग करतात. वरच्या मजल्यावरचा सेन्सर जिन्यातल्या प्लगमार्फत हबशी बोलत असेल, तर लाईट गेल्यावर हब जागा असूनही वरचा मजला गप्प. तो जिन्यातला प्लगही इन्व्हर्टरवर हवा.

दाराचा सेन्सर म्हणजे चुंबक आणि स्विच. लाकडी दाराला सरळ लागतो. आपल्याकडच्या लोखंडी ग्रिलच्या दाराला मात्र चुंबकाखाली लाकडाची पातळ पट्टी द्या, नाहीतर लोखंड चुंबकाची ओढ खाऊन टाकतं. चुन्याच्या भिंतीवर दुहेरी टेप टिकत नाही, स्क्रूच मारा.

हालचालीचा साधा सेन्सर अंगाची ऊब ओळखतो. माणूस त्याच्या समोरून आडवा गेला तर पटकन कळतं, थेट त्याच्याकडे चालत आला तर उशिरा. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखालची खोली अंगाएवढीच तापली की तो मंदावतो. बाथरूममध्ये माणूस स्थिर बसला की दिवा जातो, मग आतून हाका सुरू! तिथं रेडिओ लहरींनी बारीक हालचालही टिपणारा रडारवाला सेन्सर चांगला. तो हॉलमध्ये लावला तर फिरता पंखा आणि हलता पडदासुद्धा त्याला माणूस वाटतो, तेव्हा संवेदनशीलता कमी करून घ्या.

गॅसचं मात्र नीट वाचा. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो. सेन्सर जमिनीपासून फूटभरावर हवा. पाइपचा गॅस हलका, त्याचा सेन्सर छताजवळ. विश्रामबागेतल्या एका काकूंनी सिलिंडरचा सेन्सर हौसेनं वर माळ्याजवळ बसवून घेतला होता. तो मी खाली आणला. मोबाइलवर शिकलेली पोरं गॅस कळला की एक्झॉस्ट फॅन सुरू व्हावा अशी जोडणी करतात. ती काढून टाका. फॅन सुरू होताना ठिणगी पडली तर संपलं. भोंगा वाजला तर कुठल्याही बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ ला फोन करा. धुराचा सेन्सर स्वयंपाकघरात नकोच, मिरचीच्या फोडणीला रोज कोकलेल. तो इन्व्हर्टर आणि मीटरबोर्डाजवळ ठेवा.

टाकीच्या पाण्यासाठी अल्ट्रासॉनिक, म्हणजे आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा सेन्सर घेतलात तर तो पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीपासून वीतभर उंच बसवा, कारण अगदी जवळचं त्याला दिसत नाही. झाकणाखाली वाफ धरली तरी आकडा चुकतो. मला विचाराल तर पाण्यावर तरंगणारा साधा फ्लोट बरा. आणि मोटर कधीच स्मार्ट प्लगवर नको. सुरू होताना ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. मधे कॉन्टॅक्टर, म्हणजे जादा करंट सोसणारा स्विच टाका.

पाण्याचा सेन्सर आरओखाली, वॉशिंग मशिनमागे, लिफ्टच्या खड्ड्यात. पुरासाठी त्याच्या भरवशावर राहू नका. इथं कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. गावभागातली माणसं पुलाचा आकडा बघूनच सामान वर नेतात. तुमचा हब तळमजल्यावर असेल तर तोही त्या सामानात धरा.

सेल बदलला की त्यावर मार्करनं तारीख टाका. गॅसच्या सेन्सरच्या मागे मुदत छापलेली असते; ती संपली की दिवा हिरवा दिसला तरी नवा घ्या.