ऑस्करच्या दहा सिनेमांची क्रमवारी लावताय? या चुका टाळा

सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करची नामांकनं जाहीर झाली की आमच्या ग्रुपवर दहा सिनेमांची उतरंड रचायला सुरुवात होते, आणि पाठोपाठ भांडणं. भांडणाचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: 'मला आवडलेला', 'जिंकायला हवा' आणि 'जिंकेल' या तीन वेगळ्या याद्या एकाच कागदावर कोंबलेल्या असतात. २०२५ साली मी हेच केलं. 'आय ॲम स्टिल हिअर' पहिला, कारण जीव जडला होता. 'अनोरा' दुसरा, कारण तोच जिंकणार असं वाटत होतं. त्या यादीचा अर्थ पुढे मलाच लागेना. आधी वर मथळा लिहा, मग क्रमांक टाका.

'जिंकेल'ची यादी करताना लोक हमखास चुकतात ते गणितात. पहिल्याला दहा गुण, दुसऱ्याला नऊ, अशी बेरीज करून मोकळे होतात. सर्वोत्कृष्ट चित्रपटाची मोजणी तशी होत नाही. गेल्या वर्षी आम्ही नऊ जणांनी पसंतीच्या क्रमाने नावं लिहून चिठ्ठ्या टाकल्या. पहिल्या पसंतीची चार मतं 'द ब्रुटलिस्ट'ला, तीन 'अनोरा'ला, दोन 'कॉन्क्लेव्ह'ला. निम्म्याहून जास्त, म्हणजे पाच, कुणालाच नाहीत. मग सगळ्यात खालचा 'कॉन्क्लेव्ह' बाद झाला. त्या दोन चिठ्ठ्यांवर दुसरं नाव 'अनोरा' होतं, ती मतं तिकडे गेली आणि तीनाचे पाच झाले. चार मतंवाला हात चोळत बसला. ऑस्कर देणाऱ्या अकादमीत हेच हजारो मतपत्रिकांवर होतं. म्हणून अंदाज बांधताना 'याच्यावर जीव टाकणारे किती' एवढंच विचारू नका. 'याला दुसरा-तिसरा क्रमांक द्यायला किती जण तयार आहेत' हेही विचारा. बाकीच्या विभागांच्या अंतिम फेरीत मात्र साधा हिशोब, ज्याला जास्त मतं तो जिंकला.

नामांकनांच्या आकड्याला भुलू नका. 'एमिलिया पेरेझ'ला १३ नामांकनं होती, हाती आले दोन पुरस्कार. २०२२ मध्ये 'द पॉवर ऑफ द डॉग'ची १२ नामांकनं आणि एक पुरस्कार. 'कोडा'ची तीन नामांकनं आणि तिन्ही पुरस्कार, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटही.

'संथ आहे' म्हणजे समीक्षा नव्हे. कुठे संथ, कशामुळे, ते सांगा. त्याआधी सिनेमा कसा पाहिला तेही आठवा. 'द ब्रुटलिस्ट' मी लोकलमध्ये मोबाइलवर चार तुकड्यांत पाहिला आणि आठव्या क्रमांकावर ढकलला. २१५ मिनिटांच्या त्या सिनेमात पंधरा मिनिटांचा मध्यंतर आहे, पडद्यावर लग्नाचा जुना फोटो आणि उलट मोजणारं घड्याळ. मी ते बोटाने पुढे सरकवलं होतं! मोठ्या पडद्यावर पाहिला तेव्हा कळलं, तो थांबाही सिनेमाचाच भाग आहे. यादीत तो तिसरा झाला.

आपल्याकडची खास चूक म्हणजे 'पाठवलेला' आणि 'नामांकित' यांची सरमिसळ. 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट' हे परभाषिक सिनेमांच्या विभागासाठी भारताकडून पाठवले गेले. नामांकन एकालाही मिळालं नाही. भारताच्या प्रवेशिकांमधून आजवर तिथवर पोचले ते 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान'.

शेवटचं, न पाहिलेल्या सिनेमाला दहावा क्रमांक देऊ नका, ती जागा रिकामी सोडा. अकादमीनेही आता अंतिम मत देण्याआधी त्या विभागातले सगळे सिनेमे पाहणं सक्तीचं केलंय. आमच्या ग्रुपला हा नियम लावला तर दोनच मतदार उरतील, आणि त्यातला एक मी नसेन.