ट्रॉमा सर्जन व्हायचंय? आधी वेळ लिहायला शिका

गाळप हंगाम सुरू झाला की आमच्या कॅज्युअल्टीत मध्यरात्रीनंतर मोटारसायकलवाले येऊ लागतात. मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली, अंधार आणि धडक. पुणे-हैदराबाद आणि विजापूर हे दोन्ही रस्ते सोलापूरला येऊन मिळतात. अशा रात्री जागून काढलेले इंटर्न सकाळी विचारतात, "मॅडम, यातच करिअर करायचं तर?"

पायऱ्या सरळ आहेत. एमबीबीएस, नीट पीजी ही प्रवेश परीक्षा, मग तीन वर्षं एमएस जनरल सर्जरी. त्यापुढे ट्रॉमाचं, म्हणजे अपघाती इजांवरच्या शस्त्रक्रियांचं, एमसीएच ही सुपरस्पेशालिटी पदवी, आणखी तीन वर्षं. दिल्ली आणि ऋषिकेशच्या एम्समध्ये ते आहे. त्याची प्रवेश परीक्षा आयएनआय-एसएस. नाहीच मिळालं तर सीनियर रेसिडेन्सी करून जनरल सर्जरीत लेक्चरर व्हा आणि इमर्जन्सीचा दिवस मागून घ्या. गंभीर जखमीला सुरुवातीला कसं सांभाळायचं ते शिकवणारा एटीएलएसचा कोर्स मात्र चुकवू नका.

खरं शिकायचं ते पेशंटच्या उशाशी. हात मनगटावर ठेवा, नाव विचारा. उत्तर आलं म्हणजे निदान त्या क्षणी श्वासनलिका मोकळी आहे. मग पायांना हात लावा. तरुण माणसाचं तीस टक्क्यांपर्यंत रक्त गेलं तरी वरचं बीपी टिकून राहू शकतं. त्याआधी नाडी पळायला लागते आणि पाय गार पडतात.

हे मला एकोणीस वर्षांच्या एका मुलाने शिकवलं. मी तेव्हा दुसऱ्या गावी रजिस्ट्रार, म्हणजे निवासी डॉक्टर, होते. नाडी १२४, बीपी ११०/७०. पाय गार लागले, पण ते मी कागदावर घेतलं नाही. बीपी बरं आहे म्हणून त्याला सीटीच्या रांगेत ठेवलं. प्लीहा फाटली होती. थिएटरपर्यंत तो पोचला नाही. सकाळच्या मीटिंगमध्ये सरांनी एवढंच विचारलं, "रक्त किती वाजता मागवलं?" तीन कागदांवर तीन वेगवेगळ्या वेळा लिहिलेल्या होत्या.

त्या दिवसापासून माझ्या एप्रनच्या खिशात एक वही असते. इजा कधी झाली, पेशंट कधी आला, रक्त कधी हातात पडलं, चीर कधी दिली. या चार वेळा मी तेव्हाच्या तेव्हा लिहिते. वर्षभराने ती वही चाळताना दिसलं की सगळ्यात जास्त वेळ रक्त मिळण्यात जात होता. चिठ्ठी घेऊन नातेवाईक पळायचा आणि परक्या आवारात रक्तपेढी शोधत फिरायचा. मग चिठ्ठी वॉर्डबॉयच्या हाती द्यायला लागलो. संशोधन म्हणतात ते इथून सुरू होतं. थीसिसचा विषय उसना आणू नका, स्वतःच्या वहीतून काढा.

वेळेचं मोल किती, ते २०१० च्या क्रॅश-२ अभ्यासात दिसतं. ४० देशांतले वीस हजारांहून जास्त जखमी त्यात होते, आपल्याकडचेही. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे साधं, स्वस्त इंजेक्शन इजेनंतर तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात. त्यानंतर दिलं तर उलट धोका वाढतो. आता इजेची वेळच केसपेपरवर नसेल, तर ते द्यायचं की नाही हे कशावरून ठरवणार?

आणि ती वेळ विचारावी कशी, हेही शिकावं लागतं. मोहोळकडून आलेल्या आजोबांना "किती वाजता झालं?" विचारलं तर "रातच्याला" एवढंच उत्तर येतं. "कारखान्याचा भोंगा झाला होता का? शेवटची एसटी गेली होती का?" असं विचारा, लगेच सांगतात. दुखतंय कुठे, हेही त्यांच्या भाषेत विचारा. अक्कलकोटकडच्या बाईंना कानडीत "नोवू एल्लिदे?" आणि शहराच्या पूर्व भागातल्या आजीला तेलुगूत "नोप्पि एक्कड?" म्हणा, त्या बरोबर दुखतं तिथे बोट ठेवतात. ही दोन वाक्यं पहिल्या ड्युटीच्या आधी पाठ करून या. वही मी देईन.