लॉगिन होतं, पण पान पुढे सरकत नाही

घरच्या मशीनवर मस्त चालणारी पीएचपी लॉगिन स्क्रिप्ट सर्व्हरवर टाकली आणि अडली. पासवर्ड बरोबर, पण डॅशबोर्डऐवजी ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ची वॉर्निंग, म्हणजे हेडर (पानाच्या आधी ब्राउझरला जाणाऱ्या सूचना) आधीच निघून गेलेत. दोन तास मी रीडायरेक्टचीच, म्हणजे दुसऱ्या पानावर पाठवणारी, ओळ उलटसुलट केली. खरं तर उत्तर वॉर्निंगमध्येच होतं: ‘आउटपुट स्टार्टेड ॲट’च्या पुढे कॉन्फिग फाइलचं नाव आणि ओळ १.

ओळ १ वर तर नुसता सुरुवातीचा पीएचपी टॅग! त्याच्या आधी काहीच दिसेना. शेवटी फाइल हेक्समध्ये (प्रत्येक बाइट दाखवणाऱ्या रूपात) उघडली, तेव्हा चोर सापडला: बीओएम, म्हणजे यूटीएफ-८च्या खुणेचे तीन अदृश्य बाइट्स. एडिटरने सेव्ह करताना गुपचूप चिकटवलेले. ते ब्राउझरकडे गेले की हेडरही त्यांच्याबरोबर रवाना होतात. रीडायरेक्ट हाही हेडरच, मग तो कसला होतोय! घरी आउटपुट बफरिंग (आउटपुट लगेच न पाठवता साठवून ठेवणं) ४०९६ बाइट्सवर असल्याने हे झाकलं गेलं होतं. सर्व्हरवर ते बंद.

‘बीओएमशिवाय यूटीएफ-८’ असं सेव्ह केलं, चाललं. मुख्य स्क्रिप्टच्या सगळ्यात वर ओबी-स्टार्ट (बफरिंग सुरू करणारं फंक्शन) टाकूनही चाललं असतं, पण ते गळक्या छपराखाली बादली ठेवण्यासारखं.

जाता जाता डॅशबोर्डच्या फाइलमध्ये दिसलं, लॉगिन नसलेल्याला परत पाठवणाऱ्या हेडरनंतर एक्झिटच (स्क्रिप्ट तिथेच थांबवणारी आज्ञा) नव्हतं. म्हणजे रीडायरेक्ट होऊनही खालचा कोड चालतच होता. तेही लिहिलं.