आदिवासी होमस्टे परदेशी बाजारात न्यायचा, तर आधी दरपत्रक नीट करा

पेंच, ताडोबा किंवा नागझिऱ्याला जाणारा परदेशी प्रवासी बहुतेक वेळा नागपूरच्या विमानतळावर उतरतो, गाडीत बसतो आणि थेट गेटजवळच्या रिसॉर्टवर जाऊन पोचतो. वाटेतल्या गोंड गावात तो थांबत नाही. त्याची सहल कित्येक महिने आधी लंडन किंवा बर्लिनच्या कंपनीने विकलेली असते, आणि त्या कंपनीच्या यादीत गावातल्या आदिवासी कुटुंबाचं होमस्टेचं घर नसतं. घर त्या यादीत कसं जाईल, त्याची ही रीत आहे. नागपुरात बसून अशा कुटुंबांना मदत करणाऱ्यांसाठी ती लिहिली आहे.

'वेबसाइट काढा, रील टाका, पाहुणे येतील' हा सल्ला बाजूला ठेवा. रील पाहून पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात आणि ते यायलाच हवेत. पण पंधरा दिवसांची भारत सहल घेणारं साठीचं इंग्रज जोडपं रील पाहून पैसे भरत नाही. ते आपल्या एजंटाला विचारतं, एजंट दिल्लीच्या सहल कंपनीला विचारतो, आणि दिल्लीची कंपनी तिच्या फाइलमध्ये ज्याचं दरपत्रक आहे त्याचं नाव सांगते.

सोपी कामं

स्वच्छ खोली, कमोड, गरम पाणी, मच्छरदाणी, गाळलेलं पाणी आणि साडेसहा फुटांचा पलंग हे सगळं झालेलं आहे असं धरतो. पर्यटन संचालनालयाच्या नागपूर कार्यालयात निवास व न्याहारी योजनेची नोंदणी करून घ्या. घर बाईच्या नावावर चालणार असेल तर 'आई' पर्यटन धोरणाखाली १५ लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज परत मिळण्याची सोय आहे, ती विचारा.

परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म (आधी याला 'सी' फॉर्म म्हणत) ऑनलाइन भरावा लागतो. त्याचं खातं पहिल्या पाहुण्याच्या बऱ्याच आधी काढून ठेवा. जंगलालगत नेटवर्क दगा देतं, म्हणून पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांचे फोटो पाहुणा येण्याआधीच मागवून घ्या. आडनावाचं स्पेलिंग पासपोर्टवर आहे तसंच हवं. सफारीच्या परवान्यालाही तेच नाव आणि तोच पासपोर्ट नंबर लागतो, आणि गेटवर ओळखपत्र ताडून पाहतात.

मालकी कागदावर दिसू द्या

'आदिवासी मालकीचा' असं लिहायचं तर बँक खातं, नोंदणी आणि निर्णय त्या कुटुंबाचे असले पाहिजेत. जमीन आदिवासीची, खोल्या शहरातल्या माणसाच्या आणि बोर्डावर वारली चित्र (तेही गोंडांच्या गावात), हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. परदेशी कंपन्या आता हे विचारतात. कॅनडात आदिवासी पर्यटनाचं मानांकन मिळवायला व्यवसायात किमान ५१ टक्के मालकी मूलनिवासींची लागते. आपल्याकडे तसं मानांकन नसलं तरी प्रश्न तोच येतो: पैसे कुणाच्या खात्यात जातात?

मदत करणाऱ्याने आपला मोबदला लेखी ठरवावा. टक्केवारी किती, किती वर्षांसाठी, आणि काम थांबवलं तर ई-मेल खात्याचा पासवर्ड कुणाकडे राहील, हे एका पानावर मराठीत लिहा. गोंडीत समजावून सांगा. मग सह्या घ्या.

दरपत्रक: इथेच सगळं फसतं

बहुतेक घरं खोलीच्या अवस्थेमुळे नाही, तर किमतीमुळे बाद होतात. किंमत फार असते म्हणून नव्हे. ती एकच नसते म्हणून. फोनवर २,००० सांगितलेली, पोर्टलवर ३,२००, आणि दिल्लीच्या कंपनीला 'तुम्हीच सांगा साहेब'. ज्या दिवशी लंडनच्या ग्राहकाला तीच खोली इंटरनेटवर अर्ध्या किमतीत दिसते, त्या दिवशी कंपनी ते घर यादीतून काढते, आणि ते परत घेतलं जात नाही.

हिशेब खालून वर करा. दोन माणसं, एक रात्र, रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरून, खर्च साधारण असा येतो:

जेवण, न्याहारी, चहा आणि गाडीचालकाचं जेवण ९०० रुपये. रांधणं आणि झाडलोट करणाऱ्यांची मजुरी ८००. ही मजुरी घरच्या बाईची असली तरी धरायचीच. तिचे श्रम फुकट धरून काढलेली किंमत खोटी असते. चादरी-टॉवेल धुणं १५०, वीज-पाणी १५०, गादी, पंखा, कौलं यांच्या दुरुस्तीसाठी ४००, गावाच्या निधीला २००. झाले २,६००. त्यावर कुटुंबाची कमाई १,०००. म्हणजे घराच्या हातात ३,६०० पडले पाहिजेत. हा झाला नेट दर, म्हणजे घराला निव्वळ मिळायचा दर.

आता मधल्या साखळीचा वाटा. दिल्लीची कंपनी आणि परदेशातला एजंट मिळून साधारण २० ते ३० टक्के घेतात. ३० धरा. आणि इथे जवळजवळ प्रत्येक जण एकच चूक करतो: ३,६०० वर ३० टक्के चढवतो आणि ४,६८० लिहून मोकळा होतो. पण कमिशन कापलं जातं विक्रीच्या किमतीवर, नेट दरावर नाही. ४,६८० चे ३० टक्के १,४०४. हातात उरतात ३,२७६. रात्रीमागे ३२४ रुपये गेले. हंगामात ४० रात्री भरल्या तर १२,९६०. एवढ्यात दोन चांगल्या गाद्या येतात. योग्य रीत भागाकाराची आहे: ३,६०० भागिले ०.७०, म्हणजे ५,१४३. लिहा ५,१५०. त्यातून ३० टक्के, म्हणजे १,५४५ गेले तरी ३,६०५ हातात राहतात.

हेच ५,१५० सगळीकडे दिसलं पाहिजे: फोनवर, फाटकावर, पोर्टलवर. पोर्टलने १८ टक्के कापले तर ४,२२३ मिळतील, थेट आलेल्याकडून पूर्ण ५,१५०. ती जास्तीची कमाई कुटुंबाची. ती ग्राहकाला सूट म्हणून वाटून टाकू नका.

खरी कसोटी शनिवारी संध्याकाळी लागते. सिव्हिल लाइन्समधून फोन येतो, 'आम्ही नागपूरचेच, काहीतरी कमी करा ना.' किंमत कमी करायची नाही. दुसऱ्या दिवशीचं जेवण द्या, मोहाचे लाडू बांधून द्या, लेकरांचे पैसे घेऊ नका. हे दरपत्रकात दिसत नाही आणि त्याने कुणी दुखावत नाही. नागपूरकरांसाठी खरंच स्वस्त ठेवायचं असेल तर पावसाळ्याचा वेगळा दर छापा. १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोबाचं कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद असतं, त्या दिवसांत परदेशी गट येत नाहीत, आणि तो दर कुणालाही दाखवता येतो.

दर पुढच्या हंगामाचे नको, त्याच्याही पुढच्या हंगामाचे द्या. परदेशी कंपनी आपली किंमत बारा ते अठरा महिने आधी छापते. एकदा दिलेला दर मध्येच वाढवता येत नाही, गॅस महागला तरी नाही. म्हणून वरचे खर्चाचे आकडे आजच्या भावाने नव्हे, आठ-दहा टक्के वाढवून धरायचे. दर रुपयांतच द्या. डॉलरच्या चढ-उताराची जोखीम घराने का घ्यावी? सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि जीएसटी नोंदणी नसेल, तर 'जीएसटी आकारला जात नाही' असं स्पष्ट लिहा. हे लिहिलेलं नसलं की पुढची दोन पत्रं त्यातच जातात.

उधारी देऊ नका. 'पाहुणे राहून गेल्यावर ४५ दिवसांनी बिल चुकवू' ही रीत मोठ्या हॉटेलांना परवडते. दोन खोल्यांच्या घराला किराणा रोखीत आणावा लागतो. पहिली दोन वर्षं पाहुणे येण्याच्या १५ दिवस आधी पूर्ण पैसे, यावर ठाम राहा. त्यावरून एखादी कंपनी सोडून गेली तर जाऊ द्या.

रद्द करण्याचे नियम दोन ओळींत लिहा: ३० दिवस आधीपर्यंत फुकट, ३० ते १५ दिवसांत निम्मे पैसे कापणार, त्यानंतर पूर्ण. एकट्या माणसाचा दर, लहान मुलांचा दर आणि चालकाच्या झोपण्याची सोय हेही त्यातच. चालकाला हलक्यात घेऊ नका. त्याला गाडीत झोपावं लागलं तर तो पुढच्या पाहुण्यांना 'तिथे सोय नाही' असं सांगतो, आणि पाहुणे त्याचं ऐकतात. खाट, पंखा, वेगळं न्हाणीघर आणि तेच जेवण त्याला द्या.

बंद तारखा

दरपत्रकाच्या खाली बंद तारखा द्या. माघ पौर्णिमेला गोंडांची कचारगडची यात्रा असते, आणि ती नेमकी परदेशी हंगामाच्या ऐन गर्दीत येते. कुटुंब यात्रेला जाणार असेल तर त्या आठवड्यात घर बंद. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे सगळे मोह वेचायला जातात, तेव्हा सकाळी सहाची न्याहारी कोण करणार हे आधी ठरवा. दीड वर्ष आधी कळवलेल्या बंद तारखेवर कुणी रागावत नाही. आठ दिवस आधी 'घरी लग्न आहे' म्हटलं की संबंध तुटतो.

काय विकायचं, काय नाही

रिसॉर्टशी स्पर्धा करू नका. ताडोब्याहून पेंचला जाणारी गाडी नागपूरवरूनच जाते. त्या दोन जंगलांमधली एक रात्र मागा. दुपारी चारला आलेला पाहुणा सकाळी नऊपर्यंत काय करेल ते तासागणिक लिहा. पेंचच्या बाजूला आकाशाचा उल्लेख हवाच. महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' (कृत्रिम उजेडापासून जपलेलं आकाश) ठरला, आणि अंगणात खाट टाकून तारे बघायला वेगळा खर्च लागत नाही. ज्वारीच्या भाकरीत ग्लुटेन नसतं, हेही लिहा. युरोपातले किती तरी लोक ते आधी शोधतात.

'अस्सल आदिवासी अनुभव' हे शब्द इंग्रजीतही लिहू नका. त्याऐवजी, अंगणातलं साजाचं (ऐनाचं) झाड का तोडत नाहीत, जवसाची चटणी कशी कुटतात, असं नेमकं लिहा. पेनठाणा (गोंडांच्या देवांची जागा), पूजा आणि मयताचे विधी पाहुण्यांसाठी नाहीत, हे पहिल्याच पानावर असू द्या. रेला नाच हुकमावर नाही. कुणाचाही फोटो विचारल्याशिवाय नाही. या अटींनी गिऱ्हाईक पळत नाही. चांगल्या कंपन्या उलट त्याच मागतात.

सुरक्षेचा कागद

युरोपीय संघाच्या २०१५ च्या पॅकेज प्रवास नियमांनुसार सहलीत काही बिघडलं तर सहल विकणारी कंपनी जबाबदार असते. म्हणून ती विम्याची प्रत, अग्निशामक नळकांडं, धुराचा अलार्म आणि जवळच्या दवाखान्याचं अंतर मागते. एका पानावर हे सगळं द्या: ग्रामीण रुग्णालय किती किलोमीटर, तिथे सर्पदंशावरचं प्रतिविष (अँटिव्हेनम) आहे का (स्वतः जाऊन विचारा), आणि नागपूरच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत रात्री किती वेळ लागतो.

कुणाला, केव्हा पाठवायचं

लंडनच्या नोव्हेंबरच्या किंवा बर्लिनच्या मार्चच्या पर्यटन व्यापाराच्या जत्रेला जायचा खर्च सध्या करू नका. फेब्रुवारीत मुंबई आणि दिल्लीत पर्यटन व्यापाराचे मेळावे भरतात, तिथे परदेशी गट आणणाऱ्या दहा कंपन्या निवडून भेटा. दोन पानांचं दरपत्रक, बारा फोटो (त्यातला एक न्हाणीघराचा, तो नसला की शंका येते) आणि सुरक्षेचं पान, एवढंच पाठवा. उत्तर २४ तासांत गेलं पाहिजे. गावात नेटवर्क नसेल तर ती जबाबदारी नागपुरातल्या माणसाने घ्यावी.

जुलै ते सप्टेंबर या कंपन्यांची दर ठरवणारी माणसं मोकळी असतात. त्यांना एक रात्र फुकट राहायला बोलवा आणि जेवण रोजचंच वाढा. जाताना ते दरात सूट मागतील. तेव्हा दरपत्रकाची तीच प्रत पुन्हा हातात द्या.